रिकाम्या कारखान्यातला ड्रोन

कारखाना माझ्या नावावर करायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं. शाळेतून काढताना विचारलं नाहीत, लग्न ठरवताना विचारलं नाहीत, ते एक वेळ सोडते, तेव्हा कुणीच कुणाला विचारत नव्हतं. पण देतानाही विचारायचं असतं. तुमचा थोरला मुलगा भिवंडीला जाऊन बसला, परत यायचं नाव घेईना, म्हणून तुम्ही रागाच्या भरात सगळं माझ्या नावावर केलंत आणि वर गल्लीभर सांगत सुटलात की माझा लेकीवर जीव आहे. जीवबीव काही नव्हता. राग होता. त्या रागाचा हा पत्र्याच्या छपराचा मागांचा कारखाना आज माझ्या गळ्यात आहे, आणि घरातलं प्रत्येक माणूस घास तोंडात घालताना माझ्याकडं बघतंय की म्हातारी काय बोलते.

नायना, तुमची लेक लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण तेलुगू मला बोलायला येतं, लिहायला नाही. तुम्हीच मराठी शाळेत घातलंत आणि तुम्हीच तिसरीतून काढलंत, त्यामुळं अक्षर जसं आहे तसं आहे. तुम्हाला तर मराठी वाचता येतच नव्हतं. म्हणजे तुम्ही जिवंत असता तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्या तोंडाकडं बघत बघत मी निम्मं गाळलं असतं. आता गाळायचं कारण नाही. दुपार आहे, बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा गटाराच्या कडेला पोट टेकून पडलंय. सगळे झोपलेत. मला पडवत नाही. मघापासून कितीदा तरी उठून कारखान्याचं कुलूप बघून आले. कुलूप आहे तिथंच आहे, ते कुठं जातंय.

माग गेले, हे तुम्हाला कळलं नसेल. गेल्या दिवाळीच्या आधी भंगारवाला घेऊन गेला. टॉवेल विणून पोट भरेना, कामगार मिळेनात, आणि तुमच्या नातवाला, म्हणजे माझ्या मुलाला, त्या आवाजाचा कंटाळा आला होता. मी नाही म्हटलं नाही. लोखंड उचलून नेताना लोक मला म्हणाले, रडू नका. मी म्हटलं, रडतंय कोण, जमिनीतले बोल्ट कापून जा, पायाला लागतील. ते बोल्ट त्यांनी कापले नाहीतच. तर आता जागा रिकामी आहे. मुलाचं म्हणणं, फ्रिजचा एक व्यापारी गोदामाला जागा मागतोय, देऊन टाकू. आणि नातीचं म्हणणं वेगळंच. नात डिप्लोमा करून घरी बसलीय, मला अव्वा म्हणते, आणि तिला त्या कारखान्यात लहान मुलांना ड्रोन उडवायला शिकवायचंय.

ड्रोन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. चार पात्यांचं यंत्र, हातातल्या रिमोटवर उडतं, पोटाला कॅमेरा असतो. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर भुणभुणत फिरतं ते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ताटावर पदर धरला होता.

"बाहेर उडवायचं तर डोक्यावरून विमानं जातात, परवानग्या लागतात, वाऱ्याचं पण काय खरं नसतंय," नात म्हणाली. "आत उडवायला शिकवते की मी. एवढी मोठी मोकळी जागा अख्ख्या पूर्व भागात कुणाकडं हाय?"

"आधी स्वतःची स्कूटी सरळ चालव," तिचा बाप म्हणाला. "मग लोकांच्या पोरांना आभाळात पाठव."

"आभाळात न्हाय पप्पा, पत्र्याखाली."

दोघं भांडले आणि मग दोघंही माझ्याकडं वळले. मी म्हटलं, गल्लीतले आईबाप पोरांना घेऊन बघायला येऊ देत, पुढच्या रविवारी उडवून दाखव. कुणाला लागलं नाही तर जागा तुझी. कुणाच्या अंगाला नुसतं चाटून जरी गेलं, तर सोमवारी फ्रिज आत. आणि ते यंत्र मी निवडणार. माझ्या छताखाली काय उडणार ते मी ठरवणार.

हे शेवटचं मी का बोलले ते तुम्हाला कळलं असेल. नवी पेठेतल्या दुकानात त्या माणसानं काउंटरवर तीन-चार यंत्रं मांडली, आणि माझे हात आपोआप पुढं झाले. मागात इकडून तिकडं पळणारा तो लाकडी धोटा तुम्ही कसा निवडायचात ते मला अजून दिसतं. ढिगातून एक उचलता, दोन्ही तळव्यांवर आडवा धरता, कुठल्या बाजूला झुकतो ते बघता. एक डोळा मिटून लांबीवरून नजर नेता, मग कडेवरून अंगठा फिरवता, कुठं कूस लागते का. बहुतेक धोटे परत ढिगात टाकता. मी शेजारी बसलेली, फ्रॉकमध्ये सुताच्या कांड्या घेऊन. तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत, तीही माझ्याकडं न बघता, की हलका धोटा सुतातून जाताना भरकटतो, जड धोटा सरळ जातो. तेवढं मी पक्कं धरून ठेवलं होतं. मी तीच परीक्षा लावली. एक यंत्र तळहाताएवढं, पात्यांभोवती प्लॅस्टिकच्या गोल कडा, उचललं तर हातात काही आहे असं वाटेना. एक चांगलं दणकट, पाय असलेलं, पाती उघडी. ते मी दोन्ही तळव्यांवर धरलं. कुठंही झुकलं नाही. मी म्हटलं, हे.

"मावशी, ये मैदान का माल है," दुकानदार म्हणाला. "घर के अंदर नक्को."

"तू घरात काय उडवतोस रे, पतंग?"

"मेरे कू तो बेचने से मतलब है, फिर बी बोल रा हूं."

"बोललास. आता बांधून दे."

नात त्या छोट्या यंत्राकडं बघत होती. "अव्वा, हा बघ की एकदा," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, ते खेळणं आहे, फुंकर मारली तर जाईल. ती गप्प बसली. रिक्षात पण गप्पच होती. मला वाटलं, पोरगी खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात उडवला. मी स्टूल घेऊन बसले होते, तुमचा माग जिथं होता त्याच्या जरा अलीकडं. नातीनं तो माणसाच्या डोक्याइतका वर नेला आणि त्या दांडग्या पात्यांचा वारा असा सुटला की तुळयांवर, पत्र्याच्या कडांना इतक्या वर्षांची बसलेली सुताची लव खाली यायला लागली. आधी थोडी, मग गठ्ठेच्या गठ्ठे. काही दिसेना. त्या यंत्राला पोटाखाली एक डोळा असतो म्हणे, खालची जमीन बघून ते जागेवर उभं राहतं. आपला कोबा पायांनी घासून घासून असा गुळगुळीत झालाय की त्याला बघायला काही नाही, त्यात आत उजेड कमी, वरून ती लव. ते सरकायला लागलं. नात रिमोटशी झटतेय, ते आपलं तिरकं तिरकं सरकतंय, आणि एकदम भिंतीवर गेलं. प्लास्टरचा ढलपा उडाला. यंत्र माझ्या स्टुलाच्या पायाशी पडलं, पाती अजून फिरतायत, जमिनीवर तडतड आवाज. मी स्टुलावर नव्हते. मी दारात होते. गुडघे दुखतात म्हणून मला संडासला जायला वेळ लागतो, आणि स्टुलापासून दारापर्यंत मी कधी पोचले ते मला आजही सांगता येत नाही.

"लागलं का अव्वा?"

"मला काय लागतंय. भिंत बघ."

तिनं यंत्र उचललं. पात्यांच्या मुळाशी लव गुंडाळली गेली होती, ती नखानं काढत ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, हे आत चालणार न्हाय. दुकानातच ठाऊक होतं."

"मग तोंडाला काय झालं होतं तेव्हा?"

"तुझ्यापुढं कोण बोलतंय? पप्पा बोलत न्हाईत. मी काय बोलू."

मी कारखान्यात चप्पल घालून आल्याबद्दल तिला बोलले.

त्या दिवसापासून मी नीट जेवलेली नाही. भीतीनं नव्हे, विचारानं. तुमची अक्कल मागाच्या आत खरी होती, नायना. जड धोटा सरळ जातो, बरोबर आहे. पण मागातून बाहेर आल्यावरही तो सरळच जातो, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्या दिवसाचा विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत, मी काढते. मी आणि अम्मा खाली बसून कांड्या भरतोय. माझी शाळा दुपारची, अजून वेळ आहे, पाटी भिंतीला टेकवलेली. आवाज एवढा की आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो. अम्मा भरलेल्या कांड्यांची टोपली घेऊन उठते, दोन मागांच्या मधून तुमच्याकडं यायला निघते, आणि मागातून धोटा सुटतो. मला तो सुटलेला दिसला नाही. मला टोपली पडलेली दिसली, आणि कांड्या घरंगळत सगळीकडं गेलेल्या. अम्मा उभीच होती. डाव्या डोळ्यावर हात. बोटांच्या मधून रक्त. तुम्ही आधी माग बंद केलात आणि मग तिच्याकडं गेलात. मला हुंदका आला तर म्हणालात, "रडायचं असलं तर बाहेर जा, सुतावर पाणी पडतंय."

तो धोटा तुम्ही निवडलेला होता. दोन्ही तळव्यांवर धरून, डोळा मिटून. हलका असता तर गालावर निळा डाग आला असता आणि चार दिवसांत गेला असता. मी हे दोष द्यायला म्हणत नाही. म्हणजे, देतेच आहे. दुसरं कोण आहे दोष द्यायला. अम्माचा डोळा गेला, तिच्या हातून निम्म्याच कांड्या भरायला लागल्या, उरलेल्या निम्म्या मी भरायच्या म्हणून माझी शाळा गेली. तुम्ही काय केलंत, तर गवंड्याला बोलावून मागांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीत छिन्नीनं रेघ खोदून घेतलीत. माग चालू असताना बायका-पोरांनी रेघेच्या आत यायचं नाही. आम्ही कुणी परत कधी गेलो नाही. आणि लोक भेटायला यायचे, अम्माला विचारायचे, कसं वाटतंय, तर तुम्ही दारातूनच सांगायचात, "बरी आहे." ती पदर डोळ्यावर धरून शेजारीच बसलेली असायची. दवाखान्यातून आल्या आल्या तिनं विचारलं होतं, कापड फाटलं का. ही गोष्ट तुम्ही तिच्या मोठेपणाची म्हणून सगळ्यांना सांगितलीत. मला तेव्हाही वाटायचं, ती घाबरून तसं बोलली असेल. ती तुम्हाला घाबरायची. तिला दुसरं काही म्हणायचं होतं का, ते कुणी विचारलंच नाही, कारण विचारलं की तुम्ही उत्तर द्यायचात.

तर परत दुकानात गेलो. दुकानदारानं तुटलेलं पातं बघितलं, त्याला लागलेला भिंतीचा चुना बघितला, मग माझ्याकडं.

"मावशी, बोला था ना मैं."

"बोलला होतास. आता हसून घे आणि बदलून दे."

तो हसला, थोडी कुरकुर केली, आणि दिलं बदलून. या वेळी मी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिले. निवडलं नातीनं. तिनं तळव्यावर बिळव्यावर काही धरलं नाही. तिनं विचारलं, पात्यांभोवतीची कडा निघते का, निघाली तर परत बसते का. सुटी पाती मिळतात का. वेग अगदी कमी ठेवता येतो का. हातातनं रिमोट पडला तर ते काय करतं, तिथंच उतरतं का पळत सुटतं. काही मिनिटांत बॅटरी संपते, तर जास्तीच्या बॅटऱ्या आहेत का. मग तिनं दुकानदाराला ते चालू करायला लावलं आणि फिरत्या पात्यांच्या कडेला स्वतःची करंगळी लावली. मी नजर फिरवली. काही झालं नाही. तेच तळहाताएवढं यंत्र, भरलेल्या कांडीपेक्षा जड नसेल.

मग चार दिवस आम्ही लव काढली. बांबूला केरसुणी बांधून तुळया झाडल्या, रेघेच्या आतल्या तिनं, बाहेरच्या मी, जमीन धुतली, वर दिवे लावले. ते यंत्र आता भिंतीला धडकलं तरी टप्पकन मागं येतं आणि खाली बसतं. पण सरकायचं ते सरकतच होतं. उकाड्यात पंखा बंद, घामानं अंगाला कपडे चिकटलेले, आणि ते सारखं आपलं डावीकडं. नात एकदम घरात पळाली आणि कपाटातल्या चादरी घेऊन आली. आपल्या गावच्याच, मोर आणि वेलबुट्टीच्या. चांगल्या नव्या चादरी तिनं जमिनीवर अंथरल्या. मी ओरडले, आहेराच्या आहेत त्या. ती म्हणाली, "त्याला खाली बघायला काहीतरी पाहिजे, अव्वा." आणि नायना, ते थांबलं. मोराच्या बरोबर वर, छातीएवढ्या उंचीवर, खिळा ठोकल्यासारखं उभं. ते जातंय का याची वाट बघत मी उभी राहिले. गेलं नाही. चादरी पांघरायला विणतात एवढंच मला आजवर माहीत होतं.

आता काल काय झालं ते सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसलेय. संध्याकाळी ती उडवत होती आणि मी बघत होते, रेघेच्या बाहेरून. ती रेघ अजून आहे, धुतली तर जास्तच उठून दिसते. तिनं यंत्र उतरवलं आणि म्हणाली, "उद्या तू आत उभी राहा."

"का? मी काय शोभेची वस्तू?"

"समोरच्या काकू म्हणाल्या, तुझी अव्वा जन्मात त्या रेघेच्या आत गेली न्हाय, मग आमच्या पोराला आत कशाला सोडू. सगळ्यांना ठाऊक हाय की हितं काय झालं होतं. तू आत उभी राहिलीस तर सोडतील. न्हाय राहिलीस तर बघून, चहा पिऊन जातील."

"माझं वय झालं. मला कशाला मधे ओढतेस."

"ओढत न्हाय. विचारतेय."

मी रेघ ओलांडली. चादरीच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिनं यंत्र हळू उचललं, हळूच माझ्याकडं आणलं, हातभर अंतरावर थांबवलं. पात्यांचा वारा कपाळाला लागत होता. ती म्हणाली, "अव्वा, हात पुढं कर, तळव्यावर उतरवते." मी हात उचलला असेन, मला आठवत नाही. मी मागं सरले. एक पाऊल, मग आणखी, मग रेघेच्या बाहेर. तिनं यंत्र खाली घेतलं, बॅटरी काढली, चादरीच्या घड्या करायला लागली. ती काही बोलली असती तर मी तिला दोन सुनावल्या असत्या. जाताना एवढंच म्हणाली, "सकाळपर्यंत सांग." मुलानं फ्रिजवाल्याला सोमवारी सकाळी फोन करतो म्हणून सांगितलंय. आज सकाळी मी चहा घेतला आणि तोंड उघडलं नाही. संध्याकाळी लोक येणार आहेत, खुर्च्या आणून ठेवल्यात, नात सकाळभर माझ्या खोलीच्या दारावरून सारखी उगीच जात होती.

घरात मी सांगितलंय की मला लोकांच्या पोरांची काळजी वाटते. खोटं आहे. पोरांचं काही होणार नाही, त्या यंत्रानं माशी मरणार नाही, मी स्वतः बघितलंय. मला माझ्यासाठी भीती वाटते, या वयात, या दोन धड डोळ्यांसाठी, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी पोरीची जागा फ्रिजवाल्याच्या हातात जाऊ देत बसलेय. झालं, लिहिलं. हे पत्र कुठं जाणार नाही. तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पोस्टमन तुमच्यासमोर बसून वाचून दाखवणार नव्हता. उन्हं उतरायला लागली की मला उठायचंय, साडी बदलायचीय, आणि आत की बाहेर ते ठरवायचंय.

म्हणून विचारतेय. ज्या जागेत डोळा गेला, त्या जागेत परत काहीतरी उडत असताना उभं राहायचं का. याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुम्हाला विचारलेलं नाही. अम्माला उठवा, तिच्या डोळ्यावरचा पदर बाजूला घ्यायला सांगा, आणि दारातून हला. उत्तर ती देईल. तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे, आणि तुम्ही मधे "बरी आहे" म्हणायचं नाही.